४२ वर्षं जुन्या पुवाशेजारी वाढलेली गाठ: पायोथोरॅक्सशी निगडित लिम्फोमाचं एक प्रकरण

हे प्रकरण एका माणसाचं नाही. छातीतल्या जुन्या पुवाशेजारी (वैद्यकीय भाषेत पायोथोरॅक्स किंवा एम्पायेमा) लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, झालेल्या रुग्णांमध्ये जे वारंवार आढळतं, ते एकत्र गुंफून हा रुग्ण शिकवण्यासाठी उभा केला आहे. आजार इतका दुर्मीळ आहे की बहुतेक रेडिओलॉजिस्टना तो पूर्ण कारकिर्दीत एखाद-दुसऱ्यांदाच भेटेल. भेटेल तेव्हाही तो लिम्फोमा म्हणून समोर येणार नाही. "जुना एम्पायेमा" असं आधीच लिहून ठेवलेल्या छातीत तो दडलेला असेल.

रुग्ण

७१ वर्षांचे गृहस्थ. वयाच्या २९व्या वर्षी उजव्या फुप्फुसावरणाचा क्षय झाला. आधी पाणी झालं, पुढे त्याचा पू झाला. औषधं सुरू झाली, पण बरं वाटू लागल्यावर अर्ध्यातच सुटली आणि पू पूर्ण कधी निघालाच नाही. पुढची चार दशकं उजवी छाती आक्रसलेली, त्या बाजूचा श्वास कमी आणि दर एक्स-रेवर तीच पांढरी सावली. हळूहळू त्या सावलीची घरातल्यांना सवय झाली, डॉक्टरांनाही झाली.

या वेळची तक्रार तीन महिन्यांची होती. उजव्या कुशीत आणि पाठीत सतत दुखणं, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, संध्याकाळी बारीक ताप, घटलेलं वजन. गेल्या काही आठवड्यांत बगलेच्या खालच्या बाजूला हाताला लागणारा फुगवटा आला होता. तो टणक होता. त्यावरची त्वचा लाल नव्हती, गरमही नव्हती. रक्तात दाह दाखवणारा सीआरपी वाढलेला होता आणि पेशी झपाट्याने वाढत-मरत असताना चढणारा एलडीएच सामान्य मर्यादेच्या दुपटीहून जास्त होता.

वॉर्डमध्ये सुई घालून पोकळीतलं पाणी काढलं गेलं. ते दाट आणि तपकिरी होतं. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत. पेशी-तपासणीत दाहाच्या पेशी आणि मृत पेशींचा चोथा दिसला, कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. त्यानंतर सीटीच्या मागणीपत्रावर लिहून आलं: "जुना एम्पायेमा पुन्हा चिघळला आहे. ड्रेन कोठून टाकावा?"

प्रश्न असा विचारला की नजर आपोआप पोकळीच्या आत जाते: पाणी किती, कप्पे किती, नळी कुठून जाईल. या आजारात मात्र सगळं महत्त्वाचं पोकळीच्या बाहेरच्या कडेला घडत असतं.

आधी जुनी फिल्म

सीटीच्या आधी मी जुने एक्स-रे मागवायला सांगेन, आणि ते मिळेपर्यंत रिपोर्ट अडवून धरायचीही माझी तयारी असेल. या रुग्णाची तीन वर्षांपूर्वीची फिल्म घरच्या पिशवीत सापडली. तिच्यावर उजवी छाती लहान, बरगड्या एकमेकींजवळ ओढलेल्या, श्वासनलिका उजवीकडे सरकलेली आणि फुप्फुसावरणावर अंड्याच्या कवचासारखा चुन्याचा सलग थर. हा थर बरगड्यांच्या आतल्या कडेपासून जेमतेम एक सेंटिमीटर अंतरावर, कडेला समांतर चालला होता.

नव्या एक्स-रेवर पहिल्या नजरेत तीच छाती दिसते. दोन्ही फिल्म शेजारी लावल्यावर मात्र चार गोष्टी उठून दिसतात. उजव्या खालच्या भागातला पांढरेपणा वाढला आहे. छातीच्या बाहेरच्या भिंतीतल्या स्नायूंच्या मधल्या चरबीच्या काळ्या रेषा डावीकडे स्पष्ट आहेत, उजवीकडे पुसल्या गेल्या आहेत. आठव्या बरगडीची खालची कड एका तुकड्यात दिसतच नाही. चौथी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते: चुन्याचा तो थर खालच्या भागात बरगड्यांपासून तीन सेंटिमीटरहून जास्त आत ढकलला गेला आहे.

पोकळीतला पू वाढला असता, तर आतला दाब थराला बाहेर, बरगड्यांकडे रेटायला हवा होता. थर आत सरकतो तेव्हा थर आणि बरगडी यांच्या मध्ये काहीतरी वाढलेलं असतं. पुवाशेजारच्या घातक गाठींबाबत रेडिओलॉजीच्या साहित्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच ज्या खुणा नोंदल्या गेल्या, त्यांत हे आत सरकणं आहे. वाढलेली सावली, भिंतीचा फुगवटा, पुसलेल्या चरबीच्या रेषा, हाडाची झीज आणि पोकळीत नव्याने दिसणारी हवा-पाण्याची पातळी याही त्यातल्याच. शेवटची खूण या रुग्णात नव्हती. ती दिसली तर श्वासनलिकेशी नवी वाट उघडल्याचा संशय घ्यायचा, आणि ती वाट गाठीमुळेही उघडू शकते.

सीटी

फुप्फुसावरण पाहायचं असेल तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, ऊतक उजळवणारं औषध) दिल्यावर घाई करायची नाही. रक्तवाहिन्या ठळक दिसतात त्या पहिल्या टप्प्यात फुप्फुसावरण आणि त्याला चिकटलेल्या गाठी पुरत्या उजळलेल्या नसतात. साधारण ६० ते ७० सेकंदांनी घेतलेल्या चित्रात त्या नीट दिसतात. आधी बिनकॉन्ट्रास्टची चित्रंही हवीत, कारण चुना आणि उजळलेला ऊतक दोन्ही पांढरेच दिसतात.

पोकळीतल्या द्रवाची घनता साधारण २० हाउन्सफील्ड युनिट (सीटीवरचं घनतेचं माप) होती आणि कॉन्ट्रास्टनंतर ती तशीच राहिली. चुन्याच्या थराबाहेर, सहाव्या ते नवव्या बरगडीच्या पट्ट्यात, भिंगासारखी दोन्हीकडून फुगीर गाठ होती. उभी लांबी ११ सेंटिमीटर, जाडी साडेचार. कॉन्ट्रास्टआधी तिची घनता ४० च्या आसपास होती, नंतर ८० पर्यंत चढली. मध्यभागी न उजळणारे मृत भागही होते. बरगड्यांच्या फटींतून ती बाहेरच्या स्नायूत शिरली होती. हाताला लागणारा फुगवटा तो हाच. हाडं स्पष्ट दिसतील अशा सीटीच्या मांडणीत (बोन विंडो) आठव्या बरगडीचा बाहेरचा भाग कुरतडलेला दिसला.

इथे एका तपशिलावर थांबावंसं वाटतं, कारण तो सहज निसटतो. जुन्या एम्पायेमात फुप्फुसावरणाच्या बाहेरची चरबी दीर्घकाळच्या दाहामुळे वाढते. बरगडी आणि जाड झालेलं फुप्फुसावरण यांच्या मध्ये चरबीचा गडद, सलग पट्टा दिसतो. हा पट्टा म्हणजे जुनाटपणाची खूण, आणि तो अखंड असणं ही दिलासा देणारी गोष्ट. म्हणून प्रत्येक जुन्या एम्पायेमाच्या सीटीत हा पट्टा वरपासून खालपर्यंत नजरेने चालून बघावा. या रुग्णात तो वर आणि मागे छान जाड होता. सहाव्या बरगडीपाशी तो पातळ झाला, पुढे दिसेनासा झाला आणि नवव्या बरगडीखाली पुन्हा सुरू झाला. तो जिथे तुटला होता, गाठ बरोबर तिथेच होती.

बरगड्यांबद्दलही सावध राहायला हवं. जुन्या दाहाने बरगड्या जाड होतात, आडव्या छेदात त्रिकोणी दिसू लागतात. ते हाडाचं वाढणं आहे, कुरतडलं जाणं नव्हे. कड तुटलेली असेल तरच ती झीज म्हणायची.

काय काय असू शकतं

भिंत फोडून बाहेर आलेला पू ही पहिली शंका, आणि ती रास्त आहे. क्षयाचा पू छातीच्या भिंतीतून बाहेर येतो, बरगडीही कुरतडतो. पण तसा गळू कडेने उजळतो, आतून द्रवच राहतो आणि बहुधा पोकळीशी त्याची जोडणी सापडते. इथे बहुतेक भाग घट्ट होता आणि आतपर्यंत उजळत होता. ॲक्टिनोमायकोसिस हा जिवाणूंचा जुनाट संसर्गही भिंती ओलांडतो, पण त्यात बरगड्यांवर हाडाचे नवे थर चढलेले दिसतात आणि त्वचेपर्यंत पू वाहणाऱ्या वाटा पडतात.

हळूहळू वाढत जाणारा जुना रक्तगोळा ही दुसरी शक्यता. तोही क्षयानंतर अनेक दशकांनी उगवतो, बरगड्यांवर दाब देतो आणि फुगवटा आणतो. त्याची ओळख एमआरआयवर पटते. वेगवेगळ्या वयाच्या रक्तामुळे टी-२ चित्रात आत चमकदार आणि काळे तुकडे मिसळलेले दिसतात, तर कॉन्ट्रास्ट मुख्यतः कडेच्या आवरणातच जातो.

मग घातक गाठी. जुन्या पुवाशेजारी लिम्फोमाखेरीज स्क्वॅमस पेशींचा कर्करोग, मेसोथेलिओमा, अँजिओसार्कोमा आणि इतर सार्कोमाही होतात. केवळ चित्रावरून त्यांच्यात शंभर टक्के फरक करता येत नाही, आणि रिपोर्टमध्ये तसा आव आणू नये. तरीही पोकळीला बिलगून वाढलेली, भिंगाच्या आकाराची, बरीचशी एकजिनसी उजळणारी गाठ, शिवाय अनेक दशकांचा पू आणि वाढलेला एलडीएच हे सगळं एकत्र आलं की लिम्फोमाचं नाव यादीत पहिलं लिहावं. ते नाव लिहिलं गेलं तरच बायॉप्सीचा नमुना योग्य तऱ्हेने हाताळला जातो.

एमआरआय आणि पेट

एमआरआयमध्ये गाठ टी-१ चित्रात स्नायूइतकी, टी-२ मध्ये स्नायूपेक्षा थोडी उजळ दिसली. स्नायूत ती किती शिरली आहे हे सीटीपेक्षा इथे स्पष्ट झालं. यकृत सुटं होतं, श्वासपटल चिकटलेलं वाटत होतं. ऊतकातल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या डिफ्यूजन चित्रात गाठ लख्ख चमकली आणि ती हालचाल मोजणाऱ्या एडीसी नकाशावर काळी आली. लिम्फोमात पेशी दाटीवाटीने बसलेल्या असल्यामुळे पाण्याच्या हालचालीला अडथळा येतो, हे खरं. पण दाट पूसुद्धा डिफ्यूजनमध्ये असाच चमकतो. म्हणून डिफ्यूजनचं चित्र कॉन्ट्रास्टच्या चित्राशेजारी ठेवूनच वाचायचं. जे चमकतं आणि उजळतंही, तो जिवंत ऊतक. जे चमकतं पण उजळत नाही, ते पू किंवा दाट चोथा असण्याची शक्यता जास्त.

पेट-सीटीत एफडीजी ही किरणोत्सर्गी साखर पेशी किती ओढतात ते दिसतं, आणि एसयूव्ही हे त्याचं माप. गाठीची कमाल एसयूव्ही २२ आली. पोकळीची बाकीची भिंत पातळ कड्यासारखी दिसत होती आणि तिथे ती ३ ते ४ होती. जुना दाह एफडीजी ओढतोच, त्यामुळे एम्पायेमाच्या रुग्णात "पेट पॉझिटिव्ह" एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. बघायचा तो फरक: एकसारखं पातळ कडं की त्या कड्यावर एका जागी आलेला जाड, तापलेला डोंगर. या रुग्णात तो फरक शंकेला जागा ठेवत नव्हता. पोट, जांघा, छातीची दुसरी बाजू, कुठेही दुसरी जागा पेटलेली नव्हती. हेही चित्राशी जुळतं. निदानाच्या वेळी हा लिम्फोमा बहुतेकांत छातीपुरताच असतो आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत तोवर १० सेंटिमीटरच्या पुढे गेलेला असतो.

सुई कुठे घालायची

आधीच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी मिळाल्या नाहीत, कारण सुई पोकळीत गेली होती आणि गाठ पोकळीबाहेर होती. "पाण्यात काही निघालं नाही" यावर अनेक रुग्णांचे महिने जातात. पाण्याचा निगेटिव्ह रिपोर्ट या आजाराला नाकारत नाही, हे वाक्य रिपोर्टच्या निष्कर्षात स्पष्ट लिहायला हवं.

ड्रेनच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या ऐवजी सर्जनना फोन केला गेला: नळी थांबवा, आधी तुकडा घेऊ. त्यांनी रास्त शंका काढली, की ताप आहे, पू आहे, मग वाट कशाला बघायची? पण नळी गाठीतूनच गेली असती, आणि नळीने गाठीचं निदान होत नाही. रुग्ण स्थिर होता, रक्तदाब ठीक होता. दोन दिवस थांबण्याने काही बिघडणार नव्हतं.

जागा पेट आणि सीटी शेजारी ठेवून ठरवली: मागच्या-बाहेरच्या भागातला, उजळणारा आणि तापलेला पट्टा. मधला मृत भाग टाळला, कारण तिथून फक्त मृत पेशी मिळतात. गाठ चुन्याच्या थराबाहेर असल्याने सोनोग्राफीत चुन्याचा अडथळा आला नाही. कलर डॉपलरने आतला रक्तप्रवाह दिसला, म्हणजे हा साचलेला चोथा नव्हता. बरगडीच्या वरच्या कडेला धरून, पोकळीत न शिरता, तिरक्या वाटेने १८ गेजच्या ट्रू-कट सुईने अनेक तुकडे घेतले. पोकळी टोचली तर सुईच्या वाटेने पू बाहेर यायला जागा मिळते.

नमुने फॉर्मेलिनमध्ये गेले, एक तुकडा ताजा फ्लो सायटोमेट्रीला (पेशींवरच्या खुणा मोजणारी चाचणी) आणि एक क्षयाच्या तपासणीला व कल्चरला. कर्करोगाचा संशय म्हणून जंतूंची तपासणी सोडू नये, दोन्ही एकाच छातीत असू शकतात. आणखी एक गोष्ट वॉर्डला आवर्जून कळवली: बायॉप्सीपूर्वी स्टिरॉइड देऊ नका. लिम्फोमा स्टिरॉइडने वितळतो आणि मग तुकड्यात निदान सापडत नाही.

निदान

मोठ्या बी पेशींचा डिफ्यूज लिम्फोमा. पेशींच्या खुणांपैकी सीडी२० पॉझिटिव्ह, एमयूएम१ पॉझिटिव्ह, पेशींमध्ये एपस्टाइन-बार विषाणूचा आरएनए दाखवणारी ईबर चाचणी ठसठशीत पॉझिटिव्ह. एचएचव्ही-८ या विषाणूची चाचणी निगेटिव्ह, त्यामुळे शरीरातल्या पोकळ्यांच्या पाण्यात वाढणारा प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा बाजूला पडला. तो लिम्फोमा सहसा गाठ न करता पाण्यातच राहतो आणि बहुधा एचआयव्हीग्रस्तांत दिसतो. इथे एचआयव्ही चाचणीही निगेटिव्ह होती. क्षयाचे जंतू सापडले नाहीत.

छातीतल्या जुन्या पुवापासून हा लिम्फोमा होतो याची नोंद जपानमधल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये केली, आणि आजही बहुतेक रुग्ण तिथूनच नोंदले गेले आहेत. त्या रुग्णांपैकी अनेकांवर तरुणपणी क्षयासाठी कृत्रिम न्यूमोथोरॅक्स केला गेला होता. फुप्फुसाभोवती हवा भरून ते दाबून ठेवायचं, म्हणजे त्याला विश्रांती मिळून क्षयाची पोकळी मिटेल, ही कल्पना इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये मांडली होती. स्ट्रेप्टोमायसिन आणि नंतरची औषधं येईपर्यंत हा उपचार जगभर चालला. काही रुग्णांत त्या जागी पू झाला आणि तो कायमचा राहिला. पू झाल्यापासून लिम्फोमा दिसेपर्यंतचा काळ साधारण २० ते ६० वर्षांचा, सरासरी चाळीसच्या आसपास. रुग्णांत पुरुष स्त्रियांच्या कितीतरी पट. २००८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा आजार दीर्घकालीन दाहाशी निगडित मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमात ठेवला गेला.

असं का होतं याचं आजचं स्पष्टीकरण असं: बंद पोकळीत वर्षानुवर्षं चाललेला दाह बी पेशींना वाढण्याचे संदेश देत राहतो, त्यात इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाचा वाटा असतो. इंटरल्यूकिन-१० सारखे घटक त्याच जागेपुरती प्रतिकारशक्ती मंदावतात. एरवी शरीराने ओळखून मारल्या असत्या अशा, विषाणू बाळगणाऱ्या पेशी तिथे तगून राहतात. बाकी शरीराची प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसात हा लिम्फोमा होतो, तो यामुळे.

कृत्रिम न्यूमोथोरॅक्सची पिढी आता संपत आली आहे, म्हणून हा आजारही संपेल असं मानणं मला पटत नाही. या रुग्णाच्या छातीत कोणी हवा भरली नव्हती. अर्धवट उपचार झालेला क्षय आणि न निघालेला पू एवढंच पुरलं. तसे रुग्ण जगात आजही आहेत.

पुढचा प्रवास

हिपॅटायटिस बी आणि क्षयाच्या तपासण्या करून, तापासाठी प्रतिजैविकं देऊन आर-चॉप या लिम्फोमावरच्या औषधांच्या मिश्रणाचे सहा कोर्स दिले गेले. शस्त्रक्रियेचा विचार झाला. फुप्फुसावरणासह फुप्फुस काढण्याची शस्त्रक्रिया काही निवडक रुग्णांत केली जाते, पण या वयाला आणि या श्वासाला ती झेपणारी नव्हती. जुन्या मालिकांमध्ये पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांच्या घरात दिसतं. हा आकडा कुटुंबाला सांगताना तो गाठ उशिरा सापडलेल्या, वृद्ध आणि थकलेल्या रुग्णांचा आहे, हेही सांगितलं गेलं.

दुसऱ्या कोर्सनंतर कुशीवर झोपता येऊ लागलं. चार कोर्सनंतरच्या सीटीत गाठीची जाडी साडेचारवरून दीड सेंटिमीटरवर आली होती. आठव्या बरगडीच्या कुरतडलेल्या कडेला नव्या हाडाची पांढरी रेघ उमटली होती. पोकळी आणि तिच्यातला द्रव होता तसाच होता. रिपोर्टमध्ये हे वेगळं लिहावं लागतं, नाहीतर "सावली अजून आहे" म्हणून उपचार निष्फळ ठरवले जातात.

उपचारांनंतरच्या पेटमध्ये गाठीच्या जागी एफडीजी छातीतल्या मोठ्या वाहिन्यांमधल्या रक्तापेक्षा जास्त पण यकृतापेक्षा कमी होतं, म्हणजे उपचारांचा परिणाम मोजणाऱ्या पाच पायऱ्यांच्या डॉव्हिल मोजपट्टीवर ३. पोकळीच्या उरलेल्या भिंतीवरचं कडं मात्र आधीइतकंच, तीन-साडेतीनचं. ते उरलेला लिम्फोमा म्हणून धरलं नाही, कारण ते उपचारांपूर्वीही एवढंच होतं आणि कुठेही एका जागी जाड नव्हतं. गाठीच्या जागेवर किरणोपचार झाले. ते संपल्यानंतर दाह ओसरेपर्यंत काही महिने थांबून एक सीटी केला गेला आणि तोच यापुढच्या तुलनेचा पाया ठरला. त्या रिपोर्टमध्ये चार मापं आकड्यांत लिहिली आहेत: चुन्याच्या थराचं बरगडीपासूनचं अंतर तीन ठरावीक पातळ्यांवर, उरलेल्या जाडपणाचं माप, चरबीचा पट्टा कुठून कुठपर्यंत तुटलेला आहे ते, आणि आठव्या बरगडीतल्या दोषाची लांबी. पुढचा सीटी कोणत्याही केंद्रात झाला तरी सोबत नेता यावी म्हणून त्या चित्रांची सीडी आणि तीन वर्षांपूर्वीची ती फिल्म कुटुंबाच्या हातात दिली आहे.